चेहरा नसलेल्यांचे चेहरे

अभिजात कादंबरीचे मांगा-रूपांतर म्हटले की आपल्याकडच्या सुबुद्ध वाचकाच्या कपाळावर आठी उमटते. दुसऱ्या बाजूला, ‘निदान त्या निमित्ताने मुले काही वाचतील तरी’ असा एक थकलेला उदारपणाही असतो. आम्हांला या दोन्ही भूमिका सारख्याच उथळ वाटत आल्या आहेत. आठी घालणाऱ्याने मांगा वाचलेला नसतो, आणि उदार मनुष्याला तो मुळी वाचायचाच नसतो.

जपानात ही गोष्ट जुनी आहे. ओसामु तेझुका यांनी दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ मुलांसाठी चित्रांत आणली ती १९५३ साली, आणि तीही शेवट बदलून. त्यांचा रास्कोल्निकोव्ह भर चौकात आपला गुन्हा ओरडून सांगतो. पण सभोवती उठावाचा असा गदारोळ माजलेला असतो की त्याचे कोणी ऐकतच नाही. शिक्षणखात्याच्या दृष्टीने हा अपराधच ठरावा. आम्हांला मात्र तो दस्तयेव्हस्कीशी घातलेला खराखुरा वाद वाटतो.

वाद न घालणारी रूपांतरे पुढे पुष्कळ झाली. ‘ईस्ट प्रेस’ या प्रकाशनसंस्थेने २००७ साली ‘मांगा दे दोकुहा’ ही माला सुरू केली. मांगाच्या आधारे पुस्तक पार वाचून काढावे, असा त्या नावाचा आशय. कादंबऱ्यांच्या पाठोपाठ मार्क्सचे ‘भांडवल’सुद्धा तीत आले. याच मालेत नात्सुमे सोसेकी यांची ‘कोकोरो’ (१९१४) आहे, आणि वर्गाचा खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

‘कोकोरो’ जपानी विद्यार्थ्याला भेटते ती बहुधा पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यातून, आणि हा उतारा कादंबरीच्या तिसऱ्या भागातला, ‘सेन्सेई’च्या प्रदीर्घ पत्रातला असतो. एक मित्र, दोघांचे एकाच मुलीवर प्रेम, विश्वासघात, आत्महत्या. त्या मित्राचे नाव कुठेच येत नाही. येते ते केवळ ‘के’ हे अक्षर. आता कादंबरीचे पहिले पान पाहा. तिथला तरुण निवेदक सांगतो की आपल्या गुरुतुल्य माणसाचा उल्लेख परक्यासारखा आद्याक्षराने करणे आपल्याला जमणार नाही. आणि ज्याच्याविषयी तो हे म्हणतो, तोच माणूस शेवटच्या पत्रात आपल्या सर्वांत जवळच्या मित्राला एका अक्षरात गुंडाळून ठेवतो! ज्याने फक्त उतारा वाचला त्याच्या हाती ‘के’ लागतो, पण त्या अक्षरातला गारठा लागत नाही. मांगा सबंध कथा सांगतो, म्हणून निदान तेवढ्यापुरता तो पाठ्यपुस्तकापेक्षा प्रामाणिक आहे.

पण मांगाची अडचण याच्याही पुढची. ‘के’ला चेहरा द्यावाच लागतो. फुग्यात ‘के’ लिहिले तरी वर भुवया, हनुवटी, डोळे असतात, आणि जे अंतर सोसेकींनी एका अक्षराने राखले ते चित्रकाराच्या पहिल्याच रेषेत ढासळते. आमच्या वाचनमंडळात हा मुद्दा निघाला तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, ‘मग त्याला सगळीकडे पाठमोराच का नाही काढला?’ आम्ही सगळे प्रौढ थोडा वेळ गप्प बसलो.

दझाई ओसामु यांच्या ‘निन्गेन शिक्काकु’ने (१९४८) तर चित्रकाराला उघड आव्हानच दिले आहे. आरंभी तीन छायाचित्रांचे वर्णन येते. तिसऱ्यातला चेहरा असा, की डोळे मिटताच तो आठवेनासा होतो. शब्दांना हे साधते, कारण शब्द मुळात काही दाखवतच नाहीत. रेषेने काय करावे? उसामारु फुरुया यांनी (२००९–२०११) कथाच आजच्या काळात आणली; त्यांच्याकडे मांगाकाराला इंटरनेटवर एक रोजनिशी सापडते. जुन्जी इतो यांनी (२०१७–२०१८) विस्मरणाचा नादच सोडून भयाचा मार्ग धरला: नायकाचे अपराध त्याला भुतांसारखे दिसू लागतात. इतोंचे रूपांतर आम्हांला अतिरेकी वाटते, तरीही मालेतल्या आज्ञाधारक संक्षेपापेक्षा ते आम्ही अधिक वेळा उघडले आहे.

ताकिजी कोबायाशींच्या ‘कानिकोसेन’चे (१९२९) मात्र उलटे. खेकडे पकडून डबाबंद करणाऱ्या जहाजावरच्या या कथेला नायकच नाही. कामगार बहुतेक निनावी. समूहाला समूहच ठेवणे मांगाला अवघड, कारण वाचकाचा डोळा एखादा चेहरा धरून चालतो. पण २००८ साली कंत्राटी कामगारांच्या असुरक्षिततेच्या दिवसांत ही कादंबरी जपानात पुन्हा लाखोंनी खपली, आणि तिच्या मांगा आवृत्त्या तेव्हा आधीच बाजारात होत्या. त्या खपाचे श्रेय मांगाला किती द्यावे हे आम्ही ठरवू इच्छित नाही.

आपल्याला संक्षेपाचे वावडे असण्याचे कारण नाही. ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’ आमच्यापैकी अनेकांना प्रथम भेटली ती साने गुरुजींच्या ‘दुःखी’तून, आणि ज्यूल व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून. इंग्रजीत ‘मांगा क्लासिक्स’ने २०१४ साली जी पहिली पुस्तके काढली त्यांतही ‘ले मिझराब्ल’ होतीच. वॉटर्लूच्या रणभूमीवर ह्यूगो जो रेंगाळतो, तो भाग अशा रूपांतरांत सर्वांत आधी गळतो. फरक इतकाच की गुरुजींच्या पुस्तकात जाँ व्हालजाँचा चेहरा आमचा आम्हांला काढावा लागला होता. आमच्यातल्या एकीचा व्हालजाँ तिच्या आजोळच्या गड्यासारखा दिसतो, अजूनही.