जुन्या गाडीचं पाणी

रविवार. करूळ घाट चढून गगनबावड्याला येताना आमच्या जुन्या मारुती ८०० चा टेंपरेचरचा काटा हल्ली वर सरकतो. म्हणून आज कूलंट बदलायला घेतलं. इंजिन पुरतं गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडलं, खाली घमेलं ठेवून पाणी सोडलं. आलं ते तांबूस, गढूळ. तळाशी गंजाचा बारीक चुरा. मग साधं पाणी भरलं, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालवलं. थर्मोस्टॅट उघडला तसा पाइप तापला. पुन्हा गार होऊ दिलं, पुन्हा सोडलं. नितळ येईपर्यंत हेच. शेवटी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं. बोअरच्या पाण्याचे क्षार आत थर धरतात.

घमेल्यातलं गटारात ओतायला मन धजत नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्र्यानं चाटलं तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. शिवाय शहरातला जयंती नाला सांडपाणी घेऊन पंचगंगा नदीलाच मिळतो. सगळं कॅनमध्ये भरून झाकण घट्ट लावलंय. उद्या उद्यमनगरात वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये विचारायचं. ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, म्हणून ती जपायची. पण जपायचं तर नदीसकट जपायला हवं.