वाढलेला आकडा

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यांवर जाते. पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "म्हणजे शरीर झुंज देतंय." बऱ्याचदा ते खरंही असतं. डांग्या खोकल्यात मात्र हा दिलासा फसवा ठरतो.

मोठ्या माणसाच्या रक्तात घनमिलिमीटरला साधारण 4 ते 11 हजार पांढऱ्या पेशी असतात. डांग्या खोकल्यानं बेजार झालेल्या तान्ह्या बाळात हा आकडा कधीकधी लाखापलीकडे जातो. रंग दिलेली काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावी तर सगळीकडे लिम्फोसाइट. काहींच्या जांभळ्या केंद्रकाला चीर गेलेली. जंतू मात्र रक्तात सहसा सापडायचा नाही. तो श्वासनलिकेच्या केसाळ अस्तराला चिकटून बसलेला. रक्तात उतरतं ते त्याचं विष.

आणि हे विष पेशीला मारत नाही. मला त्यातला हाच भाग सर्वांत कावेबाज वाटतो. (जंतूला मन कुठलं, पण दुसरा शब्द सुचत नाही.) या विषाचे पाच भाग पेशीला धरून ठेवतात, सहावा आत शिरतो, पेशीच्याच साठ्यातल्या रेणूचा तुकडा काढतो आणि तिच्या एका प्रथिनाला डकवतो. तेवढ्यानं बाहेरचे रासायनिक सांगावे आत पोचेनासे होतात. रक्तातून बाहेर पडून लसिकाग्रंथीत कुठे उतरायचं, ते पेशीला कळत नाही. वऱ्हाडाच्या गाड्या गावात दाखल, पण मांडव कुठल्या आळीत ते ठाऊक नाही, म्हणून नुसत्या घिरट्या! मोजणी रक्तातल्या पेशींची होते, म्हणून आकडा फुगतो. काही बाळांत ही गर्दी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवते. मग डॉक्टरांना रक्त बदलून राखणदारच कमी करावे लागतात.

हा जंतू झ्यूल बोर्दे आणि ऑक्ताव्ह झांगू यांनी 1906 साली वेगळा केला. बोर्दे हे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफ यांच्या प्रयोगशाळेत घडलेले. मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये मेसिनाला तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला होता आणि भटक्या पेशी त्याच्याभोवती गोळा झाल्या होत्या. पेशी आपणहून निघतात, हे गुरूनं दाखवलं. त्यांची वाट चुकवणारा जंतू शिष्याच्या हाती आला. तो ती कशी चुकवतो, हे उलगडायला मात्र पुढे कित्येक दशकं गेली.

आता एखादा सांगावा पेशीत कुठल्या वाटेनं पोचतो हे तपासायचं, तर संशोधक फ्रीजमधून याच विषाची कुपी काढतात. चालती पेशी थबकली, तर वाट या विषानं अडवलेल्या प्रथिनातूनच जाते.