जमीन लेकीची, राखण मामाची

पाडांगच्या विमानतळाबाहेर पडताना भाचा म्हणाला, "मामा, या मुलखात तुम्हाला फार मान मिळेल बघा." मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. चार दिवसांनी परत निघालो तेव्हा त्या मानाचे ओझे झाले होते. ते कसे, तेच आज वाचकांना सांगायचे आहे.

माझा हा भाचा धाकट्या बहिणीचा मुलगा. सहा वर्षांपासून तो इंडोनेशियात जकार्ता येथे नोकरी करतो. साठलेली रजा काढून मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या कचेरीतला एक सोबती सुमात्रा बेटावरचा, मिनांगकाबाउ समाजाचा. तो सुट्टीला गावी निघाला होता. मी शेतीखात्यातला माणूस आहे हे कळल्यावर त्याने आम्हा दोघांनाही बरोबर घेतले. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे घरातल्या गोष्टी येणार आहेत.

पाडांगहून मोटार घाट चढू लागते. अनाईच्या दरीत धबधबा अगदी रस्त्याच्या कडेला कोसळतो. मे २०२४ मध्ये मारापी ज्वालामुखीच्या उतारावरची राख आणि दगडधोंडे पावसाच्या लोंढ्याबरोबर खाली आले. साठांहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी हा रस्ताही वाहून गेला होता. तो पुन्हा बांधला आहे. वर सुमारे ९०० मीटर उंचीवर बुकिटिंग्गी शहर लागते. तेथून पूर्वेला पायाकुंबू आणि त्याच्या भोवती लिमा पुलुह कोटा हा जिल्हा. नावाचा अर्थ पन्नास कोट. कोट शब्द आपल्यालाही परका नाही. गावाला ते नगरी म्हणतात, नवऱ्याला सुआमी म्हणजे स्वामी, जमिनीला बुमी म्हणजे भूमी. आणि आईच्या भावाला म्हणतात मामाक! लोक धर्माने मुसलमान, पण शब्द ऐकताना आपण फार लांब आलो असे वाटत नाही.

डोंगराच्या कुशीत भाताच्या खाचरांच्या पायऱ्या उतरत गेलेल्या. घरांपुढे माशांची लहान तळी, मागे नारळ, केळी आणि दालचिनीची झाडे. चिखलात बदकांचे थवे गोगलगाई वेचत हिंडत होते. पायाकुंबूच्या परिसरात या बदकांना हवेत उडवून त्यांच्या शर्यतीही लावतात. आपल्याकडे शंकरपटाला जमते तशी गर्दी तिथे बदकांना जमते!

तीन कणग्यांचे घर

सोबत्याच्या आईचे घर साधे, विटांचे, पत्र्याचे होते. पण त्याच आवारात त्यांच्या कुळाचे जुने मोठे घर उभे आहे. त्याला रुमाह गदांग म्हणतात. लाकडी, खांबांवर उचललेले, आणि छपराची टोके म्हशीच्या शिंगांसारखी वर गेलेली. मूळचे छप्पर ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या काळ्या धाग्यांचे. आता बहुतेक ठिकाणी पत्रा आला आहे.

शिंगांची कथा सोबत्याने सांगितली. फार पूर्वी जावाचे सैन्य चालून आले. लढाईऐवजी रेड्यांची झुंज लावायचे ठरले. त्यांनी मोठा दांडगा रेडा आणला. यांनी दुधाविना ठेवलेले एक भुकेले पारडू आणले आणि त्याच्या नाकाशी लोखंडी टोक बांधले. पारडू आचळ शोधत थेट रेड्याच्या पोटाखाली घुसले आणि झुंज जिंकली. 'मिनांग' म्हणजे जिंकणारा, 'काबाउ' म्हणजे म्हैस. कथा खरी असो वा नसो, आईला शोधत धावलेल्या वासराने मुलूख राखला, हे त्या लोकांना शोभते खरे.

मोठ्या घरासमोर उंच पायांवर धान्याच्या कणग्या असतात. परंपरेने त्या तीन. एकीतले भात रोजच्या जेवणाचे. दुसरीतले विकून मीठमिरची, कापडचोपड आणायचे. तिसरीला हात लावायचा तो दुष्काळात, किंवा गावातल्या एखाद्या गरिबाच्या घरी चूल पेटत नसेल तेव्हा. आता बहुतेक कणग्या रिकाम्या आहेत, भात गिरणीतून पोत्यात येते. पण हिशेब मला फार आवडला. आपण हंगामाला सारे धान्य एकाच ढिगात पाहतो. त्यांच्या वाडवडिलांनी खायचे, विकायचे आणि राखायचे हे आधीच वेगळे करून ठेवले होते.

सातबारा असता तर

पहिल्या संध्याकाळी मी सवयीने विचारले, "शेत किती? कोणाच्या नावावर?" सोबती हसला. "शेत आईचे आहे. म्हणजे तिच्या आईचे, तिच्याही आईचे. माझे काही नाही."

मग सारा उलगडा झाला. जगातल्या मातृवंशीय समाजांत मिनांगकाबाउ हा सर्वांत मोठा मानला जातो. २०१० च्या जनगणनेत त्यांची संख्या ६४ लाखांवर होती. मूल आईच्या कुळाचे. लग्न झाल्यावर नवरा बायकोच्या घरी राहायला येतो. पिढीजात खाचरे आणि घर आईकडून लेकीकडे जातात. मात्र एकट्या लेकीच्या मालकीची ती होत नाहीत. मालकी साऱ्या कुळाची. प्रत्येक बाईला कसून खायला खाचरे नेमून दिलेली असतात. पीक तिचे, जमीन कुळाची.

मग पुरुषाचे काय? नवरा त्या घरात मानाचा पाहुणा. मुलगे मोठे झाले की नशीब काढायला परमुलखी जातात. तशी रीतच आहे. इंडोनेशियाच्या शहराशहरांत दिसणारी पाडांगी खाणावळ याच लोकांची. पण पुरुषाला एक मोठे काम असते, आणि ते बहिणीच्या घरी. तो तिच्या मुलांचा मामाक. भाचरांचे शिक्षण, लग्न, भांडणतंटा आणि कुळाच्या जमिनीची राखण त्याच्याकडे. तो राखणदार असतो, मालक नसतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची संमती नसेल तर त्याला बांधही हलवता येत नाही.

पिढीजात जमीन विकायची नाही, असा दंडक आहे. अगदीच अडले तर गहाण ठेवता येते, तेही चार कारणांसाठी. कुळाचे घर गळू लागले असेल. उपवर मुलीचे लग्न पैशावाचून अडले असेल. घरात प्रेत पडून असेल आणि अंत्यविधीला पैसा नसेल. किंवा कुळाच्या प्रमुखाची रिकामी गादी पुन्हा भरून कुळाची पत उभी करायची असेल. मी मनात आपल्याकडची कारणे मोजली. मोटारसायकल, निवडणूक, मानपान. त्यांच्या चारात यातले एकही बसत नव्हते.

गहाणाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. रक्कम बहुधा सोन्याच्या वजनात ठरते, म्हणजे नोटेची किंमत घसरली तरी कोणी बुडत नाही. खाचर सावकाराच्या ताब्यात जाते आणि पीक तो घेतो. पुष्कळदा गहाण ठेवणारेच तिथे अर्धेलीने राबतात. १९६० साली इंडोनेशियाने कायदा केला की, सात वर्षे गहाण राहिलेली शेतजमीन उभे पीक निघाल्यावर महिन्याभरात मूळ मालकाला फुकट परत करावी. सात वर्षे पीक खाल्ले, त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही फिटले, हा त्यामागचा विचार. गावात मात्र या कायद्यापेक्षा जुनी रीत जास्त चालते. सोने परत केल्याखेरीज शेत मागायला लोकांना लाज वाटते.

कात आणि कर्ज

तिथे सारे गोडच आहे असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सोबत्याच्या मावसभावाने डोंगरावरचा गांबीरचा मळा दाखवला. या झुडपाची पाने आणि कोवळे डहाळे मोठ्या कढईत उकळतात, दाबून रस काढतात, रस निवळला की खालचा गाळ कापडात बांधून पाणी काढतात, वड्या पाडून वाळवतात. वास घेतला आणि ओळख पटली. हा तर कात! इंडोनेशियातून बाहेर जाणाऱ्या गांबीरचा मोठा भाग भारतातच येतो. आपल्या पानात रंगतो तो कात दर वेळी खैराचाच असतो असे नाही.

त्या तरुणाला नवे यंत्र घ्यायचे होते. बँक तारण मागते. जमीन साऱ्या कुळाची, तारण काय ठेवणार? सरकारी दाखला काढायचा तर आईच्या बाजूची वंशावळ लिहून त्यावर कुळाच्या मामाकची आणि नातलगांची सही लागते. एकाने नाही म्हटले की काम थांबते. तो चिडून म्हणाला, "जमीन कोणी विकू शकत नाही हे खरे, पण त्यावर कोणी वरही येऊ शकत नाही."

लोभी मामाकही असतात. दाखला आपल्या नावे करून घेणारे, परस्पर गहाण टाकणारे. असे खटले कोर्टात पडून असतात. धर्माच्या वारसाहक्काशीही पूर्वी वाद होता, कारण इस्लामी नियमात मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा. १९५२ साली बुकिटिंग्गीला आणि १९६८ साली पाडांगला विद्वान, धर्मगुरू आणि कुळप्रमुख एकत्र बसले. पिढीजात मिळकत रिवाजाप्रमाणे लेकींच्या शाखेत राहील, स्वकष्टाची मिळकत धर्माच्या नियमाने वाटली जाईल, असा तोडगा निघाला. आजही साधारण तोच चालतो.

एक प्रश्न

त्या घरातली थोरली लेक पंचेचाळिशीची. तिचा नवरा पाच वर्षांपूर्वी तिला सोडून गेला. जाताना कपड्यांची पिशवी आणि मोटारसायकल घेऊन गेला. ती तिथेच राहिली. तेच घर, तीच चूल, तीच खाचरे, मुलांची तीच शाळा. आपल्याकडे अशा बाईला 'माहेरी परत आलेली' म्हणतात. तिला परत यावे लागले नाही, कारण ती कुठे गेलेलीच नव्हती.

शेवटच्या रात्री तिचे मामाक भेटायला आले. प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर, डोक्याला काळी टोपी, कमरेला लुंगी. मीही मामा आहे हे कळताच माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ पाऊसपाण्याचे बोलणे झाले. मग त्यांनी काही विचारले. दुभाषा माझा भाचाच. तो क्षणभर गप्प राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मामा, ते विचारतात, तुमच्या बहिणीचं शेत कोण बघतं?"

वाचकहो, २००१ साली माझे वडील वारले. पाच एकर जमीन, वारस आम्ही दोघे. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. मी तिला पैठणी घेतली, सणाला नेत-आणत राहिलो. तीन वर्षांनी तिचा नवरा गेला. पोर अकरा वर्षांचे. तिने शिलाई यंत्रावर ते वाढवले, शिकवले. माझ्याकडे तिने कधी काही मागितले नाही. मीही कधी विचारले नाही. गावोगाव बियाणे, खते, कीड यांवर भाषणे देत तीस वर्षे काढली. जमीन कोणाच्या नावावर हा तलाठ्याचा विषय, असे म्हणत आलो.

मी म्हणालो, "सांग त्यांना, मामाच बघतो." शब्दाने ते खोटे नव्हते. भाच्याने जसेच्या तसे सांगितले. मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले. "काय म्हणतात?" मी विचारले.

"म्हणतात, चांगला मामाक आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही. भाचा शेजारी स्वस्थ झोपला होता. सकाळी निघताना तो त्याविषयी अवाक्षर बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागले.

त्यांचा रिवाज आपण उचलावा असे मी म्हणत नाही. त्यांचे त्यांना, आपले आपल्याला. आपल्याकडे कायदा आहेच. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने बसवले. कायदा देतो आणि आपण सहीने काढून घेतो, एवढेच. त्या सहीला रिवाज म्हणतो. पण भावाने राखण करावी, हाही रिवाजच होता की नाही?

परत आल्यावर मी बहिणीकडे गेलो. काय बोलणे झाले ते आमच्या घरातले. ती आधी हसली, मग बराच वेळ यंत्रावरचे कापड नीट करीत राहिली. मोजणीचा अर्ज दिला आहे. अडीच एकरांचा कागदही वकिलांकडे लिहायला टाकला आहे. त्याला बक्षीसपत्र म्हणतात. तो शब्द मला खटकला. तिचेच तिला देताना बक्षीस कसले? पण वकिलांना दुसरा शब्द सापडेना, म्हणून तोच राहू दिला.