वेगासचं पाणी

लाँग वीकेंड जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. कॉलेजचा कुणी बे एरियातून, कुणी डॅलसहून. "अरे, येतोय आम्ही. चौघं आहोत. हॉटेलची रिसॉर्ट फी बघितलीस का? त्यापेक्षा तुझा हॉल काय वाईट आहे?" लास व्हेगासला राहण्याचे दोन तोटे आहेत. एक उन्हाळा आणि दुसरा मित्र :)

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे, "तिकडे माणसं राहतात तरी कुठे?" आता यांना कसं सांगायचं की जी 'स्ट्रिप' ते बघून जातात, तिचा बहुतेक भाग लास व्हेगास शहराच्या हद्दीतच नाही! तो पॅराडाइज नावाच्या वस्तीत मोडतो आणि कारभार काउंटीकडे असतो. आमच्यासारखी माणसं राहतात आजूबाजूला पसरलेल्या करड्या घरांमध्ये. ऑफिस, जिम, देशी दुकानातून आणलेले पोहे, रविवारी कपडे धुणं. जुगाराची मशीन्स मात्र सगळीकडे. विमानतळावर उतरल्या उतरल्या दिसतात, आणि किराणा दुकानातही दुधाची पिशवी घेऊन बाहेर पडताना कोपऱ्यात एक आजी शांतपणे बटण दाबत बसलेल्या असतात. महिनाभरात ते दिसायचं बंद होतं.

उन्हाळा दिसायचा बंद होत नाही. 7 जुलै 2024 ला इथं 120 फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ 49 सेल्सिअसची नोंद झाली. आजवरची सर्वांत जास्त. मी तेव्हा इथंच होतो. सीटबेल्टचं बक्कल हाताला चटका देतं आणि पोहण्याच्या तलावाचं पाणीही कोमट लागतं. त्या वर्षी या काउंटीत उष्णतेशी संबंधित 500 हून अधिक मृत्यू नोंदले गेले. हे पर्यटकांच्या फोटोत येत नाही.

पण मला आज सांगायचंय ते पाण्याबद्दल. मी लातूरचा आहे. एवढं सांगितलं की महाराष्ट्रातल्या माणसाला पुढचं कळतं. 2016 च्या उन्हाळ्यात मी बारावीची परीक्षा देऊन सीईटीची तयारी करत होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. त्यामुळे बेलाजिओसमोरची कारंजी पहिल्यांदा बघितली तेव्हा सगळे ओरडत होते नि माझ्या पोटात गोळा आला होता. वाळवंटात साडेआठ एकरांचं तळं, आणि संगीताच्या तालावर पाणी आकाशात. च्यायला, हा माज म्हणायचा की काय?

इंजिनिअरला राग आला की तो आकडे शोधतो. ते शोधत गेलो आणि चित्र जरा वेगळं निघालं. कारंज्याचं पाणी नदीचं नाहीच, त्याच जागेतल्या जुन्या विहिरीचं आहे. शहराचं बहुतेक पाणी येतं हूवर धरणामागच्या लेक मीडमधून. कोलोरॅडो नदीच्या वाटपात नेवाडाला मिळतं वर्षाला 3 लाख एकर-फूट. आपल्या हिशेबात साधारण 13 टीएमसी, म्हणजे कोयनेचा आठवा हिस्सा. कॅलिफोर्नियाला 44 लाख एकर-फूट! 1920 च्या दशकात वाटण्या ठरल्या तेव्हा इथं काही हजार लोक होते. आज काउंटीत 23 लाखांच्या वर आहेत.

मग भागतं कसं? घरात वापरलेलं पाणी, म्हणजे आंघोळीचं, भांड्यांचं, संडासचं, शुद्ध करून बहुतांश परत तलावात सोडतात. जेवढं परत, तेवढं हिश्श्याव्यतिरिक्त पुन्हा उचलता येतं. बँकेत भरलं की पुन्हा काढता येतं, तसं. खरं नुकसान होतं ते बाहेरच्या पाण्याचं, जे गवतावर मारलं आणि उडून गेलं. म्हणून इथं गवत काढायला चौरस फुटामागे पैसे देतात. 2021 च्या कायद्याने रस्त्याकडेच्या, ऑफिसांपुढच्या निव्वळ शोभेच्या गवताला 2027 पासून नदीचं पाणी मिळणार नाही. फूटपाथवर पाणी वाहताना दिसलं तर दंड वेगळाच.

आई-बाबा आले तेव्हा हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. आई गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी बादलीत धरून ठेवायची. म्हटलं, "आई, ते गटारात गेलं तरी वाया जात नाही इथं." ती म्हणाली, "नसेल जात. पण नळ कुणाच्या भरवशावर सोडायचा नसतो रे." बादली तशीच राहिली.

बाबांना हूवर धरण दाखवायला नेलं. तलावाच्या काठच्या खडकांवर पांढरा पट्टा आहे, पूर्वी पाणी कुठवर होतं ते दाखवणारा. 2022 मध्ये पाणी इतकं उतरलं की पिंपात कोंबलेला जुना मृतदेह उघडा पडला. तेव्हाची पातळी 1937 नंतरची सर्वांत कमी होती. बाबा बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि तू इथं तीस वर्षांच्या कर्जावर घर घेणारेस?"

प्रश्न चुकीचा नव्हता. नदीच्या टंचाईतल्या वाटपाचे 2007 चे नियम 2026 अखेरपर्यंतचेच आहेत. शहर कितीही काटकसरी असलं तरी तलाव त्याच्या एकट्याचा नाही. त्यातून माझा व्हिसा! घर तूर्त बाजूला ठेवलंय. भाड्याचं बरं आहे.

पण उलटा प्रश्न मीही विचारला. बाबांना लातूरच्या घरी चौथा बोअर घ्यायचाय. तिसरा 700 फुटांवर कोरडा गेला. पैसे मी पाठवणार होतो. म्हटलं, "बाबा, तुम्ही नवं पाणी शोधताय. आधी गच्चीवरचं पावसाचं पाणी जुन्या बोअरमध्ये सोडू. त्याला पैसे देतो, चौथ्याला नाही." पहिल्यांदाच त्यांना 'नाही' म्हणालो. दोन आठवडे फोन आईच उचलत होती.

परवा बाबांनी स्वतः केला. प्लंबरने पाइपचा अंदाज दिलाय म्हणे, जरा जास्त वाटतोय. "पाऊसच नाही पडला तर काय करशील?" असंही विचारलं. उत्तर माझ्याकडे नाही. ते चौथ्या बोअरकडेही नाही. पैसे आज पाठवतोय.