घरच्या टीमलाही हाच नियम!

नवरा मला 'क्लास मॉनिटर' म्हणतो. अगदीच खोटं नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या ग्रुपची फॅन्टसी बेसबॉल लीग आहे. टीम दहा आणि कमिशनर मी! का? तर मी फ्रीलान्स लिहिते, म्हणजे मला वेळच वेळ, हा सगळ्यांचा गोड गैरसमज.

फॅन्टसी म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपण निवडलेली टीम. ते मैदानात जे करतील ते आपल्या खात्यात जमा. १९८०मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने न्यूयॉर्कमध्ये मित्रांबरोबर 'रोटिसरी लीग' सुरू केली. हे मित्र ज्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमायचे, त्याचंच हे नाव.

क्रिकेटची टीम एका मॅचपुरती लावली की संध्याकाळी विषय संपतो. बेसबॉल मात्र मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर चालतं, प्रत्येक खऱ्या टीमच्या १६२ मॅच! रोज कुणीतरी जखमी, रोज टीम बदला. जुलै उजाडला की तळाचा माणूस टीमकडे बघणंच सोडतो. मग त्या आठवड्यात ज्याची त्याच्याशी मॅच, त्याला फुकटचा विजय. ज्यांची आधीच होऊन गेली, त्यांनी काय घोडं मारलं?

गल्ली क्रिकेटमध्ये स्वतःची बॅटिंग झाली की 'आई बोलावतेय' म्हणून सटकणारा एक असायचा, आठवतोय? तोच हा!

खऱ्या बेसबॉलचीही हीच डोकेदुखी. तळाच्या टीमला नवे खेळाडू आधी निवडायला मिळायचे, मग हरण्यातच फायदा! ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज नवी टीम बांधताना २०१३मध्ये १११ मॅच हरले आणि २०१७मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकले. शेवटी २०२२च्या करारात पहिल्या सहा नंबरांसाठी लॉटरी आणावी लागली.

आमच्याकडे लॉटरी नाही, मी आहे. जखमी खेळाडू तीन दिवस टीममध्ये तसाच दिसला तर ताकीद. पुन्हा झालं तर पुढच्या वर्षी निवडीत शेवटचा नंबर. गेल्या सीझनला जुलैमध्ये नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्राला हा दणका दिला.

''गेमच आहे ना वहिनी,'' तो हसून म्हणाला. मग हळूच, ''घरच्या टीमलाही हाच नियम का?''

लागलं ते!

आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात माझी मॅच नेमकी नवऱ्याशी. माझी टीम कधीच बाहेर पडलेली. तो जिंकला तर पहिल्या चारात. रविवारी सकाळी तो पुढे होता, पण स्ट्राइकआउटमधली आघाडी फक्त तीनची. ती गेली की मॅच गेली. माझा त्या दिवशी खेळणारा पिचर शुक्रवारी जखमी झाला होता. तीन दिवस अजून भरले नव्हते. मी काही केलं नसतं तरी नियम मोडला नसता. कुणी बोटही दाखवू शकलं नसतं.

नवरा किचनमध्ये चहा करत होता. त्याला सगळं माहीत होतं. तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी रिकामा असलेला दुसरा पिचर घेतला. पठ्ठ्याने सात स्ट्राइकआउट काढले!

त्या रात्री जेवताना टीव्हीच बोलत होता. भांडी मी घासली.

पुढचा आठवडा तळाच्या टीमच्या मॅचचा, ज्या कुणी बघतही नाही. सोमवारी सकाळी सवयीने दहाही टीम तपासल्या. जुलैमध्ये दणका बसलेल्या त्या मित्राची टीम नीट लावलेली होती. जखमी एकही नाही.

नवरा बूट घालत होता. दारातून वळून म्हणाला, ''तो पिचर पुढच्या वर्षी मी घेणार हं.''

घे बाबा. पण जखमी झाला तर तीन दिवसांत बदलायचा!