मूळधन

आमच्या कोगनोळीहून वास्कोस जावयाचे झाले, की मी बेळगावास आगगाडी धरतो. लोंढा, कॅसलरॉक मागे पडले आणि दूधसागराचे तुषार खिडकीशी येऊ लागले, म्हणजे हा लोहमार्ग कोणासाठी घातला गेला याची आठवण होते. १८८८ साली तो सुरू झाला, तो मुरगाव बंदरासाठी. राज्य पोर्तुगिजांचे, भांडवल इंग्रजांचे आणि वाहावयाचा माल घाटावरचा!

माझे जाणे असते दामोदराच्या भजनी सप्ताहाला. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो. नाव सप्ताहाचे, पण भजन अखंड चोवीस तासांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ पसरली, तेव्हा लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले व प्रसादाचे श्रीफळ आणून येथे पूजिले, असे परंपरा सांगते. जांबावलीचा देवही मूळचा मडगावचा. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तेव्हा भक्तांनी त्याला कुशावतीच्या काठी नेले. सप्ताहात दरवर्षी जुने श्रीफळ समुद्रार्पण होते आणि नवे देवापुढे बसते.

माझ्या मावशीचे घर सांग्याकडे, खाणींच्या मुलखात. २०१० च्या सप्ताहात मावसभावाने देवळाच्या पायरीवरच माझ्यापुढे कागद ठेवले. कर्ज काढून त्याला खनिजवाहतुकीचा ट्रक घ्यावयाचा होता. "दादा, कागद बरे आसात न्हय?" एवढेच त्याने विचारले.

पोर्तुगीज अमदानीत खाणींची कन्सेशने बेमुदत दिलेली होती. १९८७ च्या कायद्याने ती रद्द होऊन त्यांचे मुदतीचे पट्टे झाले. त्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली होती. परंतु नूतनीकरणाचा अर्ज पडून असेतो पट्टा चालू मानावा, असा एक नियम होता. तो नियम ठाऊक असल्याचा मला अभिमानच वाटला. "निर्धास्त घे," मी म्हणालो. त्या वर्षी गोव्याच्या बंदरांतून सुमारे ५ कोटी टन खनिज बाहेर गेले, बहुतेक चीनला. एवढ्या वैभवात शंका घ्यावी कोणी?

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणी थांबविल्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही मनाई केली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की तो नियम दुसऱ्या नूतनीकरणाला लागूच नव्हता. पट्टे २००७ सालीच संपले होते. भावाचा ट्रक अंगणात उभा राहिला. चाकांशी गवत वाढले. हप्ते मात्र थांबले नाहीत. त्याने मला एका शब्दाने विचारले नाही, हेच अधिक जड गेले.

त्याच निकालात वार्षिक उत्खननाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली होती आणि विक्रीच्या किमतीतील १० टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवावी, असे म्हटले होते. ते वाचून मी खजील झालो. देवस्थानच्या जमिनींचे दावे चालविताना मी नेहमी सांगत आलो, की देव कायद्याने कायमचा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन असतो. वहिवाटदाराने उत्पन्नातून नंदादीप लावावा, मूळधन विकून नव्हे. हेच सूत्र सांग्याच्या डोंगरांना लागू पडते, हे मला सुचले नाही. उद्याची मुले जन्मलेली नसतात. त्यांचे वकीलपत्र कोणी दाखल केलेले नसते. श्रीफळ दरवर्षी नवे मिळते, कारण माड उभा असतो. डोंगराला दुसरे फळ धरत नाही.

आज मुरगाव बंदरात कोळसा उतरतो आणि त्याच लोहमार्गाने घाट चढून कर्नाटकातील पोलादाच्या कारखान्यांकडे जातो. काळ्या धुळीविषयी वास्कोकरांची तक्रार जुनी आहे. २०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलावही सुरू झाले, आणि सांग्याकडे पुन्हा ट्रकांच्या गोष्टी निघू लागल्या.

यंदाच्या सप्ताहात पुतण्या त्याच पायरीवर कागद घेऊन आला. "काका, सही कुठे करू?"

आत भजनाला रंग चढला होता. मी त्याला जवळ बसविले आणि म्हटले, "सही राहू दे. आधी माझी एक चूक ऐक."