अपूर्ण भूतकाळाची रूपे

आईच्या निधनानंतरच्या वर्षी मी स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागलो. एकदा घराविषयी दहा वाक्ये लिहावयाची होती. ‘रोज रात्री गोष्टी सांगे’ या अर्थी मी ‘कोन्तार’ म्हणजे सांगणे या धातूचे ‘कोन्तो’ हे पूर्ण भूतकाळाचे रूप योजिले. बाईंनी ते खोडून ‘कोन्ताबा’ असे लिहिले. ‘कोन्तो’ने सांगणे संपल्याची नोंद होते, ‘कोन्ताबा’ त्या सांगण्याच्या आत उभे राहून बोलते, त्याचा शेवट त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात नसतो.

या काळाची रूपे शिकावयास सोपी आहेत. ‘आर’ने संपणाऱ्या धातूंना आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान हे प्रत्यय लागतात; ‘एर’ आणि ‘ईर’ या दोन्ही गणांना ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. अपवाद तीनच : सेर (असणे), ईर (जाणे) आणि बेर (पाहणे). एरवी हट्टी असलेले धातूही येथे नियमाने वागतात. ‘कोन्तार’चे वर्तमानकाळी ‘कुएन्तो’ होते, येथे मूळ बदलत नाही. ‘एस्तार’चे पूर्ण भूतकाळी ‘एस्तुबो’ होते, येथे सरळ ‘एस्ताबा’.

मराठी विद्यार्थी या काळाला चटकन ‘रीतिभूतकाळ’ म्हणतो. मीही म्हटले. हे समीकरण अर्धेच खरे आहे. आउगुस्तो मोन्तेरोसो यांची ‘डायनोसॉर’ ही १९५९ साली पुस्तकरूपाने आलेली कथा मुळात सात शब्दांची आहे. तीत कुणाचे तरी जागे होणे पूर्ण भूतकाळात येते आणि डायनोसॉरचे तेथे असणे ‘एस्ताबा’ने, म्हणजे अपूर्ण भूतकाळात. तेथे मराठीत ‘असे’ म्हटले तर डायनोसॉर नित्याचा पाहुणा होईल. ‘होता’ असेच म्हणावे लागते. म्हणजे ‘कोन्ताबा’साठी ‘सांगे’, ‘सांगत असे’ की ‘सांगत होती’, याचा निर्णय अनुवादकाला संदर्भ पाहून करावा लागतो. स्पॅनिश रूपाने जे एकत्र ठेवले ते मराठीत वेगळे करावे लागते. या अर्थाने येथे अनुवाद ही समीक्षेचीच कृती ठरते.

आणखी एक गोष्ट रूपावलीतच दिसते. प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी एकवचनी रूप एकच आहे. लॅटिनमध्ये शेवटचे ‘म्’ आणि ‘त्’ त्यांना वेगळे ठेवीत. ती व्यंजने झिजली आणि ‘मी’ व ‘ती’ एकरूप झाले. मराठीतही जुन्या लेखनात ‘मी सांगें’ आणि ‘ती सांगे’ यांत अनुस्वाराचा भेद होता. १९६२च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि तो भेद लेखनातूनही पुसला गेला. मात्र मराठीत आपण कर्ता बहुधा सांगतो, स्पॅनिशमध्ये तो सहज गाळला जातो.

माझ्या वाक्यातही तो नव्हता. बाईंनी विचारले, “गोष्टी कोण सांगे? तुम्ही की आणखी कोणी?” प्रश्न व्याकरणाचा होता. लहानपणी आई सांगत असे. तिच्या अखेरच्या दुखण्यात, तिला वाचता येईनासे झाल्यावर, रोज रात्री मी सांगत असे. मी ‘मि माद्रे’, माझी आई, हे शब्द घातले. वाक्य निःसंदिग्ध झाले. पण आधीचे वाक्य चुकीचे होते, असे मला अजून म्हणवत नाही.